कुलूप तुटत नाही, कोयंडा उचकटतो

"बंद फ्लॅटचा कडी-कोयंडा उचकटून चोरट्यांनी आत प्रवेश केला." घरफोडीच्या बातमीतलं हे वाक्य आपण इतक्यांदा वाचलंय की त्यातला शब्द न् शब्द तोंडपाठ आहे. पण त्यात कुलूप कुठे आहे? कुलूप बहुतेक वेळा शाबूत असतं, आणि ज्याला ते लावलं तो कोयंडा निखळून पडलेला असतो. तरीही गणपतीत कोकणात निघताना किंवा मे महिन्यात गावी जाताना माणसं हार्डवेअरच्या दुकानात मागतात ते "एक मोठं, भक्कम कुलूप". पाच लिव्हरचं (म्हणजे आत किल्लीने उचलल्या जाणाऱ्या पाच पट्ट्या असलेलं) जाऊन सात लिव्हरचं येतं आणि पुन्हा त्याच पाऊण इंची स्क्रूंवर तगून असलेल्या कोयंड्यात अडकवलं जातं.

लिव्हर जास्त असले की किल्लीशिवाय कुलूप उघडणं अवघड होतं, हे खरं. प्रत्येक लिव्हर नेमक्या उंचीवर उचलला गेला तरच आतला बोल्ट सरकतो. पण असं उघडायला कसब लागतं आणि वेळ लागतो. १८५१ साली लंडनच्या मोठ्या प्रदर्शनाच्या काळात हॉब्ज नावाच्या अमेरिकन कुलूपकाराने तिथलं अजिंक्य मानलं गेलेलं ब्रामा कुलूप उघडून दाखवलं, पण त्यासाठी तो कित्येक दिवस खपत होता. जिन्यात उभ्या असलेल्या चोराकडे काही मिनिटं असतात आणि हातात कटावणी असते. म्हणून आधी कटावणीचा विचार करायचा, लिव्हरचा नंतर.

कटावणीचं गणित सोपं आहे. दोन फुटी कटावणीचं टोक कोयंड्याच्या पट्टीखाली इंचभर शिरलं की हाताकडची बाजू २३ इंच आणि पट्टीकडची १ इंच. हाताने २० किलोचा जोर दिला तरी पट्टीवर साडेचारशे किलोच्या आसपास ओढ येते. पाऊण इंची चार स्क्रू लाकडात धरून असतात ते फक्त आट्यांच्या जोरावर. ही ओढ ते सहन करू शकत नाहीत. त्यात आपल्याकडे एक वाईट सवय आहे: स्क्रू हातोडीने ठोकायचा आणि शेवटचे दोन फेरे पेचकसाने द्यायचे. ठोकलेला स्क्रू लाकडाचे तंतू फाडत आत जातो, त्यामुळे आट्यांना धरायला लाकूडच उरत नाही. दिसायला तो पक्का बसलेला असतो.

यावरचा उपाय कुलपापेक्षा स्वस्त आहे: आरपार बोल्ट. दारावरची कडी किंवा ॲलड्रॉप (कुलूप अडकवायची मोठी सरकती कडी) स्क्रूने न बसवता गोल डोक्याच्या कॅरेज बोल्टने बसवायचा. बोल्टचं गुळगुळीत डोकं बाहेरच्या बाजूला, नट आतल्या बाजूला. बाहेरून पाना किंवा पेचकस लावायला काहीच मिळत नाही. दुकानात "अडीच सुती" मागा, म्हणजे ८ मिमी. लांबी मोजूनच घ्यायची. दार ३२ मिमी, बाहेरची पट्टी ३, आतल्या बाजूची पट्टी ३, वॉशर दीड आणि नट साडेसहा, एकूण ४६. म्हणजे ५० मिमीचा बोल्ट पुरतो. वर आलेलं टोक हॅकसॉने कापून कानशीने घासून घ्या, नाहीतर कपडे अडकतात.

आतल्या बाजूला नुसता वॉशर पुरत नाही. जोर आला की वॉशर प्लायवूडमध्ये रुततो आणि बोल्ट ओढला जातो. सगळे बोल्ट एकाच लोखंडी पट्टीतून घ्या, ४० मिमी रुंद आणि ३ मिमी जाड. मग ओढ एका भोकावर न येता पट्टीभर पसरते. कॅरेज बोल्टच्या डोक्याखाली एक चौकोनी मान असते. ती अडकून राहते म्हणून नट आवळताना बोल्ट फिरत नाही, त्यामुळे पट्टीला भोकं चौकोनी असलेली कडी निवडा. ड्रिल बाहेरून सुरू करा, आत टोक दिसलं की थांबा आणि उरलेलं भोक आतून करा, म्हणजे सनमायका उडत नाही. नट नायलॉक, म्हणजे आत नायलॉनचं कडं असलेला घ्या. दार रोज आपटून साधा नट वर्षभरात ढिला होतो.

आता चौकटीकडचा कोयंडा. जुन्या वाड्यांत कोयंड्याचे दोन्ही पाय चौकटीतून आरपार काढून मागे फाकवून वळवलेले असत. उपटायचा तर चौकटच फोडावी लागे. हल्ली पट्टीवरचा कोयंडा येतो आणि चौकट भिंतीत प्लास्टर झालेली असते, मागे हात जात नाही. मग निदान ५० मिमीचे, १० नंबरचे स्क्रू वापरा. नेहमीची चौकट १०० बाय ६५ मिमीची असते, तिच्यात एवढी लांबी पूर्ण लाकडात बसते. आधी ३ मिमीचं भोक पाडा आणि स्क्रूला साबण लावा. साल किंवा सागवानात भोकाशिवाय लांब स्क्रू फिरवला तर त्याचं डोकं तुटून हातात येतं, आणि उरलेला तुकडा काढणं हे वेगळंच काम होऊन बसतं. चौकट स्वतः भिंतीला कशी धरली आहे हेही पाहा. प्रत्येक बाजूला निदान तीन होल्डफास्ट (चौकट भिंतीत धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या) हवेत. दार जोरात लावल्यावर चौकटीच्या कडेच्या प्लास्टरला बारीक भेग दिसत असेल, तर चौकट हलतेय आणि पुढचा सगळा खर्च वाया आहे.

हे झाल्यावर कुलूप. लोंबत्या कुलपात सगळ्यात आधी शॅकल पाहा, म्हणजे वरची यू आकाराची दांडी. ती कडक केलेल्या पोलादाची हवी. ओळखायची खूण अशी की कानस घासली तरी घसरते, लाकूड कापल्यासारखी चरत नाही. जाडी १० मिमीच्या खाली नको. आणि एक गोष्ट जवळजवळ कोणीच बघत नाही: शॅकल आणि कोयंडा यांच्यातली फट. दांडी कोयंड्याच्या भोकात जेमतेम शिरावी. मोकळी जागा राहिली की तिथे लोखंडी सळई घालून पीळ देता येतो, मग आतले लिव्हर पाच असोत की सात, काही फरक पडत नाही. दुकानात जाताना कोयंड्याच्या भोकाचं माप घेऊन जा.

दाबून बंद होणाऱ्यापेक्षा किल्ली फिरवूनच बंद होणारं कुलूप चांगलं. दाबून लागणाऱ्या स्वस्त कुलपात स्प्रिंगवरची खीळ असते, ती पातळ पत्र्याच्या पट्टीने मागे ढकलता येते. शॅकल दोन्ही पायांना अडकतं का तेही विचारा. एकाच पायाला अडकत असेल तर एका ठिकाणी कापल्यावर ते फिरून सुटतं. समुद्राकाठी, रत्नागिरी असो की गोवा, पितळी अंगाचं घ्या. लोखंडी अंगाचं कुलूप दोन पावसाळ्यांत आतून गंजून धरतं.

पण शहरातल्या फ्लॅटसाठी माझं स्पष्ट मत आहे: मुख्य संरक्षण लोंबत्या कुलपावर ठेवू नका. ते बाहेरून दिसतं आणि घरात कोणी नाही हे जिन्यातल्या प्रत्येकाला सांगतं. दारातच बसलेलं कुलूप घर बंद आहे की आत माणूस झोपलंय, हे कळू देत नाही.

दारात बसणाऱ्यांत सर्वांत जास्त दिसतं ते लॅच. लॅचची स्प्रिंगवरची जीभ एका बाजूने उतरती असते, म्हणूनच दार नुसतं ओढलं तरी लागतं. आणि त्याच कारणाने ती मागेही ढकलली जाते. दार आणि चौकट यांच्यात ३ ते ४ मिमीची फट असली की एक कडक प्लॅस्टिकची पट्टी पुरते. बऱ्याच चांगल्या लॅचमध्ये किल्ली बाहेरून एक-दोन फेरे फिरवली की जीभ आणखी बाहेर येते आणि तिथेच पक्की अडकते. ही सोय विकत घेऊनही असंख्य माणसं दार ओढून निघून जातात. खाली दूध आणायला जातानासुद्धा किल्ली फिरवायची सवय लावा. लॅचची दुसरी कमजोर जागा म्हणजे चौकटीवरचा डबा, ज्यात जीभ शिरते. तो दोन-तीन छोट्या स्क्रूंवर असतो आणि दाराला लाथ बसली की आधी तोच उडतो. त्याचे स्क्रू काढून ५० मिमीचे घाला. अर्ध्या तासाचं काम आहे. लॅच तेच राहतं आणि दार कितीतरी पक्कं होतं.

मॉर्टिस लॉक दाराच्या जाडीत खाच पाडून आत बसतं. भरीव सागवानी दारात ते उत्तम. फ्लश डोअरमध्ये, म्हणजे दोन्ही बाजूंनी सपाट प्लायवूडच्या दारात, मात्र विचार करा. ३० मिमीच्या दारात १८ मिमी जाडीचं कुलूप घातलं की दोन्ही बाजूंना ६-६ मिमी लाकूड उरतं. फ्लश डोअरमध्ये कुलपासाठी आत भरीव ठोकळा दिलेला असतो, पण तो ठराविक उंचीवरच असतो. सुताराने हँडल "जरा वर" घेतलं आणि खाच ठोकळ्याबाहेर गेली, की कुलूप पोकळ जागेत लटकतं. दारावर बोटाने वाजवत वर-खाली जा. भरीव भागाचा आवाज वेगळा येतो. मॉर्टिससाठी ३५ मिमीच्या खालचं दार नको.

या कुलपातलं सिलिंडर, म्हणजे किल्ली जाते तो भाग, सुटं बदलता येतं, हा मोठा फायदा. नवा फ्लॅट ताब्यात आला की पहिल्या दिवशी हेच करायचं, कारण तोवर त्या किल्ल्या रंगाऱ्यापासून इलेक्ट्रिशियनपर्यंत सगळ्यांच्या हातातून फिरलेल्या असतात. सिलिंडरच्या मधोमध, दाराच्या कडेला एक लांब स्क्रू असतो. त्या स्क्रूच्या मध्यापासून दोन्ही टोकांपर्यंतची मापं वेगवेगळी घ्या: ३०-३०, ३५-३५ किंवा ३०-४०. फक्त एकूण लांबी सांगितली तर चुकीचं येतं. बाहेरच्या बाजूला सिलिंडर प्लेटच्या पुढे २ मिमीपेक्षा जास्त येता कामा नये. पुढे आलेलं टोक पकडीत धरून पीळ दिला तर सिलिंडर स्क्रूच्या भोकापाशी मोडतं, कारण तिथेच धातू सर्वांत कमी असतो.

सेफ्टी डोअर, म्हणजे बाहेरचा जाळीचा दरवाजा, बाहेर उघडतो. म्हणून त्याच्या बिजागऱ्या बाहेर असतात. बिजागरीची पिन ठोकून काढली की कुलूप न उघडताच तो पल्ला बाजूला होतो. यावर सुतार एक साधी युक्ती करतात: बिजागरीच्या समोरासमोरच्या पात्यांतला एक-एक स्क्रू काढायचा, एका भोकात डोकं कापलेला जाड स्क्रू १० मिमी बाहेर राहील असा बसवायचा आणि समोरचं भोक तेवढंच खोल करायचं. दार बंद झालं की ही खुंटी समोरच्या भोकात शिरते, मग पिन निघाली तरी पल्ला जागचा हलत नाही. तीन बिजागऱ्यांपैकी वरच्या आणि खालच्या दोघींना एवढं करा. एकाच चौकटीवर दोन दारं बसवायची तर चौकट ५ इंची तरी हवी, नाहीतर आतल्या दाराचं हँडल बाहेरच्या जाळीवर आपटतं. डिजिटल कुलूप घेणाऱ्यांची फसगत इथेच होते. त्याचं बाहेरचं अंग जाड असतं आणि ते घरी आल्यावर कळतं की सेफ्टी डोअर बंदच होत नाही.

डिजिटल कुलपाबद्दल एवढंच सांगेन: आणीबाणीची यांत्रिक किल्ली असलेलंच घ्या आणि ती किल्ली घराबाहेर विश्वासाच्या माणसाकडे ठेवा. घरात आजी-आजोबा असतील तर नुसत्या बोटाच्या ठशावर विसंबू नका. वयाने आणि कामाने रेषा झिजतात आणि ओल्या हाताला यंत्र ओळखत नाही.

खिडक्यांत एक धोका चोरीपेक्षा मोठा आहे. सगळ्या खिडक्यांना पक्क्या जाळ्या ठोकल्या तर आग लागल्यावर माणसं आत अडकतात. निदान एका खिडकीच्या जाळीला उघडणारी चौकट हवी. तिचं कुलूप आतून, आणि किल्ली बाहेरून हात पोचणार नाही पण घरातल्या मुलालाही माहीत असेल अशा खुंटीवर. ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बंद असतानाही उचलून पट्ट्यातून काढता येतात. वरच्या पट्ट्यात, पल्ल्याच्या डोक्यावर एक आडवा स्क्रू पुरतो. आणि संडासातली तिरप्या काचांची खिडकी विसरू नका. त्या काचा बाहेरून एक-एक करून सरकवून काढता येतात.

तिजोरीकडे वळू. पहिली गोष्ट, लोखंडी कपाट ही तिजोरी नव्हे. त्याचा पत्रा पाऊण ते एक मिलिमीटरचा असतो, आतल्या खणाचाही साधारण तेवढाच, आणि तो मोठ्या पेचकसाने वाकतो. त्यात कपाटाची किल्ली वरच्या कप्प्यात साड्यांखाली असते, हे चोराला ठाऊक असतं.

बाजारातला दहा-पंधरा लिटरचा, आकड्यांचा छोटा लॉकर ८ ते १२ किलोचा असतो. तो जमिनीला किंवा भिंतीला न बांधता कपाटात नुसता ठेवला, तर तुम्ही सगळे दागिने एका पेटीत भरून, उचलून न्यायला सोयीचे करून दिले आहेत. युरोपातलं तिजोऱ्यांचं मानक ईएन ११४३-१ तर १००० किलोच्या आतल्या प्रत्येक सुट्या तिजोरीला बांधणीची भोकं असलीच पाहिजेत असं सांगतं. वजनाला नव्हे, बांधणीला किंमत आहे. फर्निचरच्या प्लायवूडला स्क्रू मारणं ही बांधणी नव्हे, प्लायवूड फळीसकट निघतं.

उत्तम जागा म्हणजे आरसीसी कॉलम किंवा स्लॅब. एएसी ब्लॉकच्या (सच्छिद्र सिमेंटच्या ठोकळ्यांच्या) हलक्या भिंतीत साधा अँकर फास्टनर (भोकात फुगून धरणारा बोल्ट) आवळताना भोक मोठं होत जातं आणि तो जागच्या जागी फिरत राहतो. तिथे केमिकल अँकर, म्हणजे भोकात रसायन भरून चिकटवलेला हवा. चार इंची विटांच्या भिंतीवरही भरवसा नको. जमिनीत बसवताना वरच्या थरांची जाडी धरा: टाइल १० मिमी, तिच्याखालचा माल ४० ते ५० मिमी, आणि मग स्लॅब. ७५ मिमीचा अँकर मारला तर तो जेमतेम स्लॅबला टेकतो आणि सगळा भार भुसभुशीत मालावर येतो. १० मिमी जाडीचा, १२० मिमी लांबीचा अँकर घेतला तर लॉकरचा तळ आणि नट वगळून ५० मिमीच्या आसपास स्लॅबमध्ये जातो. त्याहून खोल जाऊ नका. घरातली स्लॅब साधारण १२५ ते १५० मिमीची असते, तिच्यात विजेचे पाइप असतात आणि खाली शेजाऱ्यांचं छत असतं. ड्रिल कितीचं हवं ते अँकरच्या पाकिटावर लिहिलेलं असतं, तेच वापरा. टाइलवर सुरुवातीला हॅमर बंद ठेवा, नाहीतर तडा जातो. भोक पडल्यावर आतली धूळ हवा मारून पूर्ण काढा. धुळीवर बसलेला अँकर आवळल्यासारखा वाटतो, पण धरत नाही. भोकं चार दिली असतील तर चारही वापरा. मोकळं राहिलेलं भोक म्हणजे तारेला आत जायची वाट, आणि बऱ्याच लॉकरांत कोड बदलायचं बटण दाराच्या आतल्या बाजूला बिजागरीजवळच असतं.

निवडताना दाराची जाडी, बोल्टची जाडी आणि बोल्ट कशाने सरकतात हे विचारा. सर्वांत स्वस्त लॉकरांत एक छोटी सोलेनॉइडची (विजेच्या चुंबकाने हलणारी) पिन बोल्टला अडवून धरते, आणि वरून जोराचा ठोसा बसला की ती पिन क्षणभर उडते. त्याच क्षणी नॉब फिरवला तर दार उघडतं. मोटरवर चालणाऱ्या बोल्टमध्ये हा दोष नाही. कारखान्यातून आलेला कोड पहिल्याच दिवशी बदला. जन्मतारीख, गाडीचा नंबर नको. जास्तीची यांत्रिक किल्ली मिळते ती लॉकरच्या आत ठेवू नका. सेल संपल्यावर तिचीच गरज पडते आणि ती आत असते. सेल अल्कलाइनच घाला आणि दर दिवाळीला बदला. साधे सेल फुटून पाझरतात आणि संपर्काच्या पट्ट्या खाऊन टाकतात.

"हेवी ड्यूटी" असं स्टिकर म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. तिजोऱ्यांसाठी आयएस ५५० हे भारतीय मानक आहे. मोठी रक्कम खर्च करत असाल तर त्याची खूण मागा. आगीपासून वाचवणारी पेटी आणि चोरीपासून वाचवणारी पेटी या दोन वेगळ्या वस्तू आहेत. आगीसाठीच्या पेटीत पातळ पत्र्यांच्या मध्ये ओलावा धरून ठेवणारा माल भरलेला असतो. तापल्यावर तो वाफ सोडून आतला भाग थंड ठेवतो, पण कटावणीला तो मऊच. कागदांसाठीच्या चाचणीत आतलं तापमान सुमारे १७७ अंश सेल्सिअसपर्यंत चालतं. पेन ड्राइव्ह, हार्ड डिस्क त्याआधीच जातात, त्यांना ५२ अंशांच्या आत ठेवणारी वेगळी पेटी लागते. सोनं १०६४ अंशांना वितळतं, त्याला आगीची पेटी नकोच. खरेदीखत, मृत्युपत्र आणि मोती मात्र वाफेपासून जपा, आतही झिपच्या पिशवीत ठेवा.

वर्षातून दोनदा अंगावर येणारे दागिने घरी ठेवायचं कारण नाही. बँकेच्या लॉकरबाबत रिझर्व्ह बँकेचे सुधारित नियम १ जानेवारी २०२२ पासून लागू आहेत. आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यांत बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभरपट आहे. भाडं ३००० असेल तर ३ लाख. त्यावरचं सोनं असेल तर वेगळा विमा काढा. घराच्या विम्यात घरफोडीची भरपाई मागताना सहसा जबरदस्तीने आत शिरल्याच्या खुणा दाखवाव्या लागतात. चपलांच्या रॅकमध्ये ठेवलेल्या किल्लीने कोणी दार उघडलं असेल, तर त्या खुणा नसतात.

देखभालीत सगळ्यात मोठा शत्रू खोबरेल तेल. कुलूप जड झालं की घरोघरी तेच सोडतात. ते पहिले चार दिवस छान चालतं, मग धूळ धरून चिकट होतं आणि थंडीत गोठतं. पिनांच्या सिलिंडरमध्ये कोरडी ग्राफाइटची पूड घाला. नसेल तर शिसपेन्सिलीचं टोक किल्लीच्या खाचांवर घासून किल्ली दहा-बारा वेळा आत-बाहेर करा.

जुलैमध्ये एकदा आणि निघायच्या आदल्या दिवशी एकदा दार तपासा. पावसात लाकूड फुगतं, पल्ला किंचित खाली बसतो आणि बोल्ट चौकटीच्या भोकात पूर्ण न जाता काठावर अडतो. किल्ली फिरते, कुलूप लागल्यासारखं वाटतं. दार उघडं ठेवून बोल्ट बाहेर काढा, त्याच्या टोकाला लिपस्टिक किंवा खडू लावा, दार बंद करून किल्ली पूर्ण फिरवा. डाग भोकाच्या आत न पडता कडेवर पडला, तर तेवढ्या बाजूने पट्टी कानशीने घासा आणि बोल्ट निदान २० मिमी आत जातोय ना ते पट्टीने मोजा.